मातीचा पत्ता

चंद्रपुरात घर बांधायचं ठरलं की विटा-सिमेंटच्या आधी 'भर' लागते. शहर इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मध्ये वसलेलं. गोंडराजांच्या काळात वस्ती परकोटाच्या आत होती. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या दरवाजांच्या बाहेर शेतं, झुडपं आणि नदीचे खोलगट काठ. आता शहर दरवाजांच्या बाहेरच जास्त आहे आणि नोकरदार माणसाला परवडणारा प्लॉट बहुतेक वेळा सखल भागात मिळतो. जुलै 2022 मध्ये इरईचं पाणी रहमतनगरसारख्या वस्त्यांमध्ये शिरलं. तेव्हापासून तर प्लॉट बघायला गेलेला माणूस आधी रस्त्याची पातळी बघतो आणि विचारतो, "किती फूट उचलावा लागेल?"

आमचा दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट चार फूट उचलावा लागणार होता. दीड हजार गुणिले चार, म्हणजे सहा हजार घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साठ ब्रास. माती दाबली की खाली बसते, ती तूट धरून सत्तर. एका हायव्यात साधारण पाच ब्रास, म्हणजे चौदा फेऱ्या. हा सगळा हिशेब बाबांनी प्लॉटच्या कोपऱ्यात उभं राहून तोंडी केला. ते कोळसा खाणीत ओव्हरमन होते. उघड्या खाणीत कोळशाच्या आधी माती काढावी लागते, आणि कोळशापेक्षा मातीच जास्त निघते. त्यामुळे तीस वर्षं त्यांनी प्रत्यक्षात मातीच मोजली. चांगला मुरूम विकत घेतला तर खर्च लाखाच्या वर जात होता.

2024 च्या उन्हाळ्यात एक ओळखीचा टिप्परवाला घरी आला. जिल्ह्यातल्याच एका गावात मलजल शुद्धीकरण प्रकल्पाचं खोदकाम चालू होतं. तिथली माती टाकायला जागा हवी होती, आणि टिप्पर तसेही गिट्टी न्यायला चंद्रपूरकडे रिकामेच येत होते.

"काका, पैसे नाई लागत," तो म्हणाला. "मातीच हाय न. तुम्ही फक्त टाकाची जागा दाखवा. डिझेलचं मी पाहून घेतो."

आई खूश झाली. लाख रुपये वाचत होते. बाबा लगेच काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "वरची माती का खालची?" टिप्परवाल्याला प्रश्न कळला नाही. तेव्हा मलाही कळला नव्हता.

---

मलजल प्रकल्प कुठे बांधतात याचा विचार केला की बाबांच्या प्रश्नाचा अर्थ लागतो. सांडपाणी उताराने वाहतं, म्हणून प्रकल्प गावाच्या सगळ्यात खालच्या टोकाला, नाला नदीला मिळतो तिथे कुठेतरी बसतो. चंद्रपूर शहराचे दोन प्रकल्प, पठाणपुऱ्याचा दिवसाला 45 दशलक्ष लिटरचा आणि रहमतनगरचा 25 दशलक्ष लिटरचा, दोन्ही नदीच्या अंगाला आहेत. दुसरीकडे कुठे ते बसणारही नाहीत. पण याचा दुसरा अर्थ असा की, जिथे आज प्रकल्प उभा राहतो त्या जागेवरून काल गावाचं सांडपाणी उघड्या नाल्यातून वाहत होतं. पंचवीस, तीस, पन्नास वर्षं. पावसाळ्यात नाला फुगला की काठाबाहेर पसरायचा, ओसरला की गाळाचा एक पातळ थर सोडून जायचा. त्या गाळात घराघरातला मैला, साबण, दुकानांमधलं तेल, गॅरेजांमधलं ग्रीस, बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्यांचं शिसं, सगळं थोडं थोडं येऊन बसायचं. त्यावर कोणीतरी बांधकामाचा मलबा टाकायचं, कोणी कचरा. मग एक दिवस कुंपण पडतं, फलक लागतो आणि पोकलेन येतं.

म्हणजे प्रकल्प घाण करतो असं नाही. प्रकल्प घाण साफ करायला येतो, आणि त्यासाठी त्याला आधी गावाची साठून राहिलेली जुनी घाण उकरावी लागते. नवीन पाण्यासाठी त्याच्याकडे टाक्या असतात, यंत्रं असतात, बाहेर सोडायच्या पाण्याचे निकष असतात, रोजची नोंदवही असते. उकरलेल्या मातीसाठी टिप्पर असतात.

आम्ही दोघं ती माती बघायला गेलो. खोदकामाच्या जागेवर आत जाऊ दिलं नाही, ते बरोबरच होतं. पण रस्त्याकडेला ढीग होता. ढिगात दोन रंग दिसत होते. एक राखाडी-काळा, चिकट, प्लास्टिकच्या चिंध्या असलेला, नाकाला झोंबणारा. दुसरा पिवळसर, घट्ट, कोरडा, वास नसलेला. बाबांनी पिवळा ढेकूळ हातात घेतला, चुरगाळला आणि म्हणाले, "ही चांगली आहे. ही दहा फुटांखालची असेल. हिच्यावर घर उभं राहते." मग काळ्याकडे बोट दाखवलं. "ही नाल्याची. आणि पाहा, दोन्ही एकात कालवून टाकल्या."

खाणीत माती थरांनी काढायचा नियम असतो. वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायची, म्हणजे खाण संपल्यावर ती परत वर पसरता येते. प्रत्यक्षात तो किती पाळला जातो हा वेगळा विषय, पण बाबांच्या डोक्यात तो पक्का होता. त्यांच्या दृष्टीने त्या ढिगातला खरा बिघाड वासाचा नव्हता, तर कालवण्याचा होता. काळा थर वेगळा काढला असता तर तो कदाचित एकूण खोदकामाच्या पाचवा-सहावा हिस्सा भरला असता. बाकी सगळी माती कोणालाही डोळे झाकून देता आली असती. पोकलेनच्या दोन-चार बकेटांमध्ये दोन्ही एक झाल्या, आणि मग सगळीच माती संशयाची झाली.

माझं रोजचं काम मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरचं आहे. कुठला ट्रक कुठून निघाला, काय घेऊन, कुठे पोहोचला, याच्या नोंदी. या कामात एक गोष्ट लवकर कळते. दोन याद्या एकत्र करताना कुठली ओळ कुठून आली हे लिहून ठेवलं नाही, तर नंतर जगातला कुठलाही हुशार माणूस त्या वेगळ्या करू शकत नाही. मातीचंही तसंच. फक्त मातीत ते हाताने, रात्रंदिवस, टनांनी होत असतं.

---

मातीचा एक मोठा गोंधळ शब्दांतच आहे. आपल्याकडे 'गाळ' हा चांगला शब्द आहे. चंद्रपूर-गडचिरोली हे तलावांचे जिल्हे. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात, त्यांच्या गाळावर इथल्या धानाच्या बांध्या पिकल्या. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ शेतात न्यायचा ही जुनी रीत. 2017 साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली ती याच शहाणपणावर. धरणातून गाळ निघाला की पाणी वाढतं, शेतात गेला की पीक वाढतं. यात खोट काही नाही.

पण शहरातल्या तलावाचा गाळ हा वेगळाच पदार्थ आहे. चंद्रपूरचा रामाळा तलाव गोंडकालीन. शहराचं सांडपाणी त्यात शिरत गेलं, जलपर्णीने तो झाकून गेला. फेब्रुवारी 2021 मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी या तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला, त्यानंतर तलाव रिकामा करून गाळ काढण्याचं काम सुरू झालं. त्यांच्या मागण्यांत सांडपाणी थांबवण्याची मागणी होती ही गोष्ट मला गाळ काढण्याइतकीच महत्त्वाची वाटते, कारण येणारं पाणी न थांबवता काढलेला गाळ पुन्हा साठतो. पण त्या दिवसांत चहाच्या टपरीवर मी जे ऐकलं त्यात प्रश्न एकच होता, "गाळ कोणाले भेटन?" तळ्याचा गाळ म्हणजे सोनं, ही पिढ्यांची समजूत. सोन्यात काय मिसळलंय हे कोण विचारतं?

'माती', 'भर', 'गाळ'. आपल्या भाषेत हे शब्द प्रेमाचे आहेत. मैल्याला आपण नाक मुरडतो, पण तोच मैला दहा वर्षं मातीत मुरला की ती 'काळी माती' होते आणि आपण तिच्यात वांगी लावतो. निसर्ग बरंच काही जिरवतो हे खरं. मैल्यातला सेंद्रिय भाग कुजून जातो, बहुतेक जिवाणू उन्हात आणि कोरड्यात मरतात. पण सगळं जिरत नाही. पोटातल्या जंतांची अंडी ओलसर, सावलीच्या मातीत वर्षभर आणि कधी त्याहूनही जास्त तग धरतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम हे तर मूलद्रव्यच. त्यांचं कुजणं नसतं. ते मातीच्या कणाला चिकटून बसतात आणि माती जिथे जाईल तिथे जातात. धुळीतून, नखांतून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून ते घरात येतात. यात सगळ्यात जास्त धोका मातीत खेळणाऱ्या लहान मुलाला, कारण त्याची बोटं सतत तोंडात असतात आणि त्याच्या वाढत्या मेंदूला शिसं सगळ्यात जास्त बाधतं.

---

मी त्या ढिगातले पाच ठिकाणचे नमुने घेतले, शिवाय आमच्या प्लॉटवरचा एक साधा नमुना तुलनेसाठी, आणि नागपूरला एका खाजगी प्रयोगशाळेत दिले. पाचही एकत्र करून एकच चाचणी केली तर पैसे वाचतील, असं काउंटरवर सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं. पाचांची सरासरी काढली की वाईट नमुना चार चांगल्यांच्या मागे लपतो, आणि मला तर तोच शोधायचा होता.

अहवाल आला. तीन नमुने आमच्या प्लॉटवरच्या मातीसारखेच होते. दोन काळ्या नमुन्यांत शिसं आणि जस्त ठळकपणे जास्त, मैल्यातले जिवाणू भरपूर, तेलाचा अंश. घाबरून पळावं असं काही नाही, पण घरात आणावं असंही नाही. मला जास्त अडवलं ते शेवटच्या रकान्याने. 'मर्यादा' असं वर लिहिलेलं आणि खाली प्रत्येक ओळीत आडवी रेघ. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे. शेतात घालायच्या शहरी कंपोस्टसाठीही आहे: एका किलोत शिसं 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5, पारा 0.15. पण प्लॉटवर टाकायच्या मातीसमोर प्रयोगशाळेकडे लिहायला आकडा नव्हता. मी कंपोस्टच्या आकड्यांशी ताडून बघितलं. शिसं थोडं वर गेलं, बाकी खाली. तरी मनात होतंच की कंपोस्ट मूठभर पसरतात आणि ही चार फूट भरायची होती.

मग मी कायद्यात ही माती कुठे सापडते ते शोधू लागले, आणि ती सापडली. भलत्याच ठिकाणी. 3 फेब्रुवारी 2000 च्या केंद्राच्या अधिसूचनेने भरावासाठी, सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी माती 'गौण खनिज' ठरली. म्हणजे तिच्यावर स्वामित्वधन, आपण ज्याला रॉयल्टी म्हणतो ते, लागू शकतं. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने ते सर्वोच्च न्यायालयात नेलं, आणि डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं की नुसतं खोदलं म्हणून रॉयल्टी लागत नाही, माती कशासाठी वापरली ते पाहावं लागेल. त्याच प्लॉटच्या पायात ती परत भरली तर ती अधिसूचनेत बसत नाही. निकाल रास्तच. पण एक गोष्ट लक्षात येते. सरकारने मातीला विचारलं, तुझं मोल किती? न्यायालयाने विचारलं, तुझा वापर काय? तुझ्यात काय आहे, हे या सगळ्या वादात कोणालाच विचारावं लागलं नाही.

कचऱ्याच्या बाजूने पाहिलं तर 2016 साली बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम आले. दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला 300 टनांपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने तो वेगवेगळा ठेवावा असं त्यात होतं. काँक्रीट एकीकडे, माती एकीकडे, लोखंड-लाकूड-प्लास्टिक एकीकडे, विटा आणि मसाला एकीकडे. माती हा एक प्रवाह. ती चांगली माती आणि वाईट माती असे दोन प्रवाह असू शकतात, हे त्या यादीत नव्हतं.

---

असं जगात दुसरीकडेही झालंय. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ लेकरकेर्क नावाचं गाव आहे. सखल, ओलसर, आमच्या लेआउटसारखंच भर घालून उचललेलं. 1970 च्या दशकात तिथे एक नवी वसाहत झाली. घरांच्या आधी तिथले चर मलब्याने आणि कारखान्यांच्या टाकाऊ मालाने बुजवले होते. 1978 मध्ये पिण्याच्या पाण्याची एक प्लास्टिकची नळी फुटली, आणि दुरुस्त करणाऱ्यांना ती जमिनीतल्या रसायनांनी खाल्लेली दिसली. 1980 मध्ये अडीचशेहून अधिक घरं रिकामी करावी लागली. जमीन उकरली तेव्हा दीड हजारांहून अधिक पिंपं निघाली. त्या धक्क्याने 1983 मध्ये त्या देशाने दूषित माती साफ करण्याचा पहिला कायदा केला. आज तिथे माती हलवायची तर ती कुठली, तिची प्रत काय आणि ती कुठे जाणार हे आधी कळवावं लागतं. हे त्यांना आधीपासून सुचलेलं नव्हतं. भर कशाची आहे हे माहीत नसलेल्या माणसांनी घराचे हप्ते भरून झाल्यावर सुचलेलं होतं.

आमच्या ढिगात पिंपं नव्हती, आणि ती तशी जागाही नव्हती. पण गोष्टीचा सांगाडा तोच. सखल जमीन, घराची घाई, आणि कोणाला तरी नकोशी झालेली फुकट माती.

आम्ही टिप्परवाल्याला नाही सांगितलं. त्याला राग आला नाही. त्याला फक्त दुसरी जागा हवी होती.

ती जागा आमच्यापासून चार प्लॉट पुढे निघाली. तिथे एक कुटुंब आधीच टिनाच्या खोलीत राहत होतं. नवरा मिस्त्रीच्या हाताखाली, बायको दोन घरी स्वयंपाकाला, दोन मुलं, धाकटा तीन-चार वर्षांचा. त्यांच्या प्लॉटवर आठ फेऱ्या पडल्या. मी संध्याकाळी गेले तेव्हा ताई फावड्याने ढीग पसरत होत्या आणि धाकटा ढिगावरून घसरगुंडी खेळत होता.

मी त्यांना अहवाल दाखवला. मराठीतून, सोपं करून सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, पावसात आमच्या खोलीत गुडघाभर पाणी राहते. साप येते. हे शिसं का काय ते दिसत नाई, पाणी तर दिसते न." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही विकत घेऊ शकता म्हणून नाई म्हटलं. आमाले कोन फुकट देते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचा नकार योग्यच होता, पण त्याने माती नाहीशी झाली नव्हती. ती चार प्लॉट सरकली होती, आणि सरकताना जिथे पैसा कमी तिथे गेली होती. फुकट मातीचा उतार पाण्याच्या उतारासारखाच असतो.

बाबा दुसऱ्या दिवशी तिथे गेले. ते माझ्यापेक्षा कामाचं बोलले. काळे ढेकूळ वेचून एका कोपऱ्यात लावायचे, जिथे पुढे संडासाचा खड्डा किंवा पक्का ओटा येणार आहे तिथे. वर दीड फूट चांगला मुरूम. मुलं खेळतात तिथे आधी. पालेभाज्या आणि मुळा-गाजर जमिनीत नाही लावायचं. वांगी-भेंडी-दोडका चालेल, पण विकतच्या मातीच्या पोत्यात. बाहेरून आलं की हातपाय धुवायचे, चपला बाहेर. आमच्या चौदा फेऱ्यांतल्या दोन बाबांनी तिकडे वळवल्या. आई पुटपुटली, पण अडवलं नाही. मी हे पुण्य म्हणून सांगत नाही. दोन हायवे मुरुमाने त्या प्लॉटचा अर्धा भागही नीट झाकला गेला नाही.

---

ही माती हाताळायची योग्य रीत काही अवघड नाही, हे मला सगळ्यात जास्त बोचतं. खोदण्याआधी जागेचा इतिहास विचारायचा; नाला कुठून वाहायचा हे गावातला कोणताही म्हातारा सांगतो. बोअर घेताना मातीची ताकद तपासतात, त्याच बोअरमधले वेगवेगळ्या खोलीचे नमुने दूषणासाठीही तपासायचे. मग काळा थर आधी आणि वेगळा काढायचा. तो जाड प्लास्टिकवर ठेवायचा, ताडपत्रीने झाकायचा, भोवती बांध घालायचा, म्हणजे पावसाने त्यातलं पाणी परत नाल्यात जाणार नाही. खालची स्वच्छ माती प्रकल्पाच्याच भरावाला वापरायची. किंचित दूषित माती कुंपणाच्या आतल्या रस्त्यांखाली, पक्क्या थराखाली घालायची. आणि एखादा भाग खरंच धोकादायक निघाला तर तो बुटीबोरीला पाठवायचा, तिथे धोकादायक कचऱ्यासाठी सामायिक सोय आहे. बहुतेक वेळा असा भाग थोडाच असेल. तो थोडा राहावा याचसाठी तर आधी वेगळा काढायचा.

बाबा म्हणतात, टेंडरमध्ये खोदकामाचा दर असतो, किती लांब न्यायची त्या 'लीड'चा असतो, किती खोलून काढायची त्या 'लिफ्ट'चा असतो. थर वेगळा ठेवण्याचा दर नसेल तर पोकलेनवाला थर का वेगळा ठेवेल? त्यात आणखी एक गंमत आहे. खोदलेली माती फुगते. शंभर घनमीटर खड्ड्यातून सव्वाशे-एकशे तीस घनमीटर सैल माती निघते. म्हणजे खड्डा परत भरला तरी माती उरतेच. ती कुठे जाणार हे कागदावर ठरलेलं नसेल तर ते टिप्परवाला ठरवतो.

माझ्या डोक्यात अर्थातच सॉफ्टवेअरचा उपाय आला. वाळू आणि मुरुमासाठी महाराष्ट्रात 'महाखनिज'ची ऑनलाइन व्यवस्था आहे. गाडीचा नंबर, किती ब्रास, कुठून, कुठे, असा वाहतूक परवाना निघतो. रॉयल्टीसाठी हे सगळं जमलं आहे. मग त्यातच आणखी एक रकाना का नाही? 'मातीत काय आहे.' पिवळी, काळी, तपासलेली, न तपासलेली. मी हे बाबांना उत्साहाने सांगितलं.

"रकाना कोण भरन?" त्यांनी विचारलं.

खाणीत त्यांच्या काळी फेऱ्यांची नोंद पाटीवर खडूने व्हायची. वीस फेऱ्यांच्या पंचवीस झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. रकाना खरा राहण्यासाठी तो खोटा भरला तर कोणाचं तरी नुकसान व्हावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. रॉयल्टीचा रकाना खोटा भरला तर सरकारचं नुकसान होतं, म्हणून सरकार तपासतं. मातीतल्या शिशाचा रकाना खोटा भरला तर नुकसान चार प्लॉट पलीकडच्या पोराचं. ते पोर गाडी अडवायला येणार नाही.

जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनाने संशयित जागा शोधून कळवायच्या, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. हे खूप उशिरा आलं, पण आलं, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. मग वाचताना दोन गोष्टी खटकल्या. खाणकामातून झालेलं दूषण साधारणपणे या नियमांच्या बाहेर आहे, त्याला वेगळे कायदे आहेत. 2009 च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात 83.88 गुण मिळवून देशात चौथ्या आलेल्या चंद्रपूरला हा अपवाद छोटा नाही. आणि दुसरी गोष्ट नियमांच्या नावातच आहे: 'स्थळ'. नियम जागा शोधतात. जागेला गट नंबर असतो, मालक असतो, सीमा असतात. टिप्परमधली माती कुठलंच स्थळ नसते. जुन्या जागेवरून ती उचललेली असते म्हणून ती जागा साफ, नव्या जागेवर ती अजून पडलेली नसते म्हणून तीही साफ. पडल्यावर पसरते, वर फरशी बसते, आणि मग तिथे काय आहे हे कोणाला ठाऊकच नसतं. संशय घ्यायला तरी काहीतरी दिसावं लागतं.

म्हणून मला वाटतं, दूषित मातीचं व्यवस्थापन म्हणजे आधी तिचा पत्ता सांभाळणं. शिसं काढून टाकण्याचं तंत्र महाग आहे. कुठून आली, कुठल्या थरातली, कुठे गेली, या तीन गोष्टी लिहिण्याला जवळपास काहीच लागत नाही, पण त्या खोदताना लिहिल्या तरच. माती एकदा कालवली गेली की नंतरचे लाखो रुपये त्याच तीन गोष्टी परत शोधण्यावर जातात. आणि ते लिहिणारा माणूस कंत्राटदाराच्या पगाराचा नसावा, हे बाबांचं म्हणणं मी त्यात जोडते.

सरकारी रकाना येईल तेव्हा येईल. घर बांधणाऱ्याने आजच विचारण्यासारखे प्रश्न मात्र आहेत. भर कुठल्या खोदकामातली? वरची का खालची? वास आहे का, चिंध्या आहेत का? फुकट का? यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं.

आमच्या घराचं काम यंदा प्लिंथपर्यंत आलं. बाबांनी एका दोनशे पानी वहीत आमच्या बारा फेऱ्या लिहून ठेवल्यात: तारीख, गाडीचा नंबर, कुठल्या खाणीचा मुरूम, प्लॉटच्या कुठल्या कोपऱ्यात पडला. ती वही खरेदीखताच्या फाइलमध्ये असते. ताईंच्या प्लॉटसाठी त्यांनी वेगळं पान केलंय. त्यावर आठ फेऱ्या, काळे ढेकूळ कुठल्या कोपऱ्यात गाडले त्याचा फुटपट्टीने काढलेला नकाशा, आणि वर टाकलेले दोन हायवे. त्या पानाची झेरॉक्स ताईंनी त्यांच्या ट्रंकेत, मुलांच्या जन्मदाखल्यांसोबत ठेवलीय. पुढे तिथे कोणी विहीर खणेल, कोणी प्लॉट विकेल, धाकटा मोठा होऊन घर बांधेल. तेव्हा निदान एवढं कळेल की खाली काय आहे आणि ते कुठून आलं.